मुलांच्या भुकेला खाडा धरा

पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात खोली घेऊन शिकलेल्या कोणालाही ‘खाडा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. महिन्याचे पैसे मेसला आगाऊ भरायचे, आणि ज्या वेळी जेवायला यायचे नसेल त्याची आधी कल्पना द्यायची. वहीत आपल्या नावापुढे त्या तारखेला खूण होते आणि तेवढी जेवणे पुढे वळती होतात. नियम मेसगणिक वेगळे असतात. कुठे सलग दोन दिवस चुकवले तरच खाडा धरतात, कुठे एका वेळेचाही धरतात, कुठे महिन्याला अमुकच खाडे असा बांध घालतात. त्यावरून मेसमालकाशी हुज्जतही होते. तरी व्यवहाराचा पाया सगळीकडे एकच असतो: पैसे आधी घेतले म्हणून जेवणाऱ्याची भूक आधी ठरलेली नसते, कधी तो आजारी पडेल, कधी गावी जाईल, कधी त्याला नुसते जेवावेसे वाटणार नाही, आणि त्याची सोय हिशेबातच असली पाहिजे.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध थीम पार्कच्या जेवणाच्या योजनेत नेमकी हीच सोय नाही, आणि तिच्या नसण्याची झळ सर्वांत जास्त लहान मुलांना बसते, असे माझे म्हणणे आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडोजवळ, वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. आज तिथे मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम असे चार थीम पार्क आहेत आणि त्यांच्याभोवती कंपनीची स्वतःची हॉटेले आहेत. या हॉटेलांत उतरणाऱ्यांना २००५ पासून ‘डिस्ने डायनिंग प्लॅन’ विकला जातो. करोनाच्या साथीत २०२० साली तो बंद पडला आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाला. खोली आणि तिकिटांबरोबर जेवणाचेही पैसे आधीच भरायचे, त्या बदल्यात मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे माणशी ठरावीक ‘क्रेडिट’ मिळतात. लहान योजनेत रात्रीमागे काउंटरवरून घ्यायची दोन जेवणे आणि एक स्नॅक. मोठ्या योजनेत टेबलावर बसून एक जेवण, काउंटरचे एक जेवण आणि एक स्नॅक. शिवाय हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा मग. हॉटेल सोडायच्या दिवशी मध्यरात्र झाली की उरलेली क्रेडिट संपतात. त्यांचे पैसे परत मिळत नाहीत आणि ती पुढच्या सहलीला वळतीही होत नाहीत.

या योजनेत मूल म्हणजे कोण, हेही ठरलेले आहे. तीन वर्षांखालचे बाळ हिशेबात नाही. त्याने आईबाबांच्या ताटातले खावे. तीन ते नऊ वर्षांचे ते मूल, आणि दहा पूर्ण झाली की मोठा माणूस. २०२४ मध्ये मोठ्या योजनेचा दर रात्रीमागे प्रौढाला ९४.२८ डॉलर आणि मुलाला २९.६९ डॉलर होता. लहान योजनेचा ५७.०१ आणि २३.८३. एका आरक्षणातल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी एकच योजना घ्यायची, असा नियम आहे. फक्त मुलांसाठी घेतो म्हटले तर चालत नाही. आईवडील, दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा असे चौघे पाच रात्री राहिले, तर २०२४ च्या दराने मोठ्या योजनेचे १,५६२.६५ डॉलर होतात. त्या वर्षीच्या विनिमयदराने सुमारे १ लाख ३० हजार रुपये. तीच मुलगी नऊ वर्षांची असती तर ३२२.९५ डॉलर कमी लागले असते. वडिलांइतके जेवण दहा वर्षांच्या मुलीला जात नाही हे कुठल्याही आईला माहीत असते, पण दरपत्रकात तिच्यात आणि तिच्या वडिलांत फरक नाही. पैशाचा हा मुद्दा खरा असला तरी माझा मुख्य आक्षेप त्यावर नाही. महाग वाटले तर घेऊ नये, एवढे उत्तर त्याला पुरते. आक्षेप आहे तो घेतल्यानंतर ताटासमोर जे घडते त्यावर.

लहान मुलाची भूक मोठ्यांच्या भुकेसारखी घड्याळाला बांधलेली नसते. एका वेळी ते दोन घास खाऊन उठते, पुढच्या वेळी पोटभर खाते, आणि दिवसभराची बेरीज बहुतेक वेळा बरोबर जमवते. ही आज्यांची समजूत प्रयोगांतही उतरली आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या लिअन बर्च यांनी मुलांच्या खाण्यावर आयुष्यभर काम केले. १९८७ च्या एका अभ्यासात त्यांनी बालवाडीच्या वयातल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाचे लक्ष पोटाकडे वळवले: भूक लागली आहे का, पोट भरले का. दुसऱ्याचे बाहेरच्या खुणांकडे: जेवायची वेळ झाली का, ताटली रिकामी झाली का. आधी दिलेल्या पदार्थात उष्मांक जास्त असले तर पहिल्या गटातली मुले नंतर आपोआप कमी खात होती. दुसऱ्या गटातल्या मुलांची ही जाण बोथट झाली. पुढे २००० साली बर्च आणि बार्बरा रोल्स यांच्या अभ्यासात तीन आणि पाच वर्षांच्या मुलांपुढे मॅकरोनी-चीजच्या लहान, मध्यम आणि मोठ्या वाढपाच्या ताटल्या ठेवल्या गेल्या. तीन वर्षांच्या मुलांना वाढप केवढे आहे याने फरक पडला नाही. पोट भरल्यावर ती थांबली. पाच वर्षांची मुले मात्र ताटली मोठी तसे जास्त खात गेली. तीन ते पाच या दोन वर्षांत मुले पोटाऐवजी ताटली बघायला शिकतात. डिस्नेच्या योजनेत ‘मूल’ म्हणून जे वय धरले आहे, त्याची सुरुवात नेमकी याच नाजूक वळणावर होते. आणि मॅकरोनी-चीज हा तिथल्या मुलांच्या मेन्यूवर हमखास भेटणारा पदार्थ आहे.

आता आगाऊ भरलेले पैसे यात काय करतात ते पाहू. एकदा खर्चून टाकलेला पैसा पुढच्या निर्णयात धरू नये, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात सांगतात, आणि माणूस तो धरतोच, हे हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली दाखवले. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाचे हंगामी तिकीट घ्यायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण किमतीत, तर काहींना अचानक सवलतीत तिकीट दिले. नाटके तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटके पाहिली. दिलेले पैसे वसूल व्हावेत ही ओढ त्यांना थिएटरपर्यंत घेऊन जात होती. मराठीत ‘पैसा वसूल’ हे कौतुकाचे शब्द आहेत, यातच ही ओढ किती खोल आहे ते कळते. मोठ्या माणसाने स्वतःचे पैसे स्वतःच्या पायांनी वसूल करायला काही हरकत नाही. मुलाच्या जेवणात मात्र पैसे भरणारा एक आणि वसुलीला ज्याचे पोट लागते तो दुसराच असतो.

काउंटरच्या जेवणाचा ट्रे डोळ्यांसमोर आणा. चिकन नगेट किंवा मॅकरोनी, बाजूला द्राक्षे, गाजराचे तुकडे किंवा सफरचंदाच्या गराची वाटी, आणि कमी स्निग्धांशाचे दूध, रस किंवा पाणी. बाहेर जून महिन्यातले ऑरलँडो, पारा ३२-३३ अंशांच्या पुढे, हवेत मुंबईसारखी दमट उकड, दुपारी गडगडाटासह पाऊस. मूल सकाळपासून रांगांत उभे आहे. ते चार द्राक्षे खाते, अर्धे दूध पिते आणि खिडकीबाहेरच्या मिरवणुकीकडे बघत बसते. घरी असते तर आई म्हणाली असती, राहू दे, संध्याकाळी खाईल. इथे ट्रेवर एक क्रेडिट गेलेले आहे आणि उद्या ते परत येणार नाही. मग ‘अजून दोन घास’, ‘निदान नगेट तरी संपव’ सुरू होते. यात आईचा दोष मला दिसत नाही. ज्या व्यवहारात तिला उभे केले आहे, त्याची भाषाच ती आहे. भारतातून गेलेल्या कुटुंबाला आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात ऑरलँडोची वेळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. तिथे संध्याकाळी सहाला टेबलावर जेवण येते तेव्हा मुलाच्या शरीरात मुंबईचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. पहिले तीन-चार दिवस त्याला भूक रात्री दोन वाजता हॉटेलच्या खोलीत लागणार, आणि त्या वेळी क्रेडिट घेणारे रेस्टॉरंट उघडे नसणार.

टेबलावरच्या जेवणाची गोष्ट तर आणखी पुढची. ज्या रेस्टॉरंटांत मिकी, गूफी किंवा राजकन्या टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात, त्यांची आरक्षणे साठ दिवस आधी उघडतात आणि भरभर भरतात. म्हणजे मुलगा अमुक तारखेला संध्याकाळी ५.४० ला जेवेल हे दोन महिने आधी ठरते. ऐन वेळी गेले नाही तर बऱ्याच ठिकाणी माणशी दंड लागतो. त्या दिवशी तो दुपारी झोपला, आईस्क्रीम खाऊन बसला, पाळण्यात बसून त्याला मळमळले, तरी ५.४० ला टेबल तयार असते. शेवटच्या दिवशी याची दुसरी बाजू दिसते. न वापरलेली स्नॅकची क्रेडिट मध्यरात्री मरणार म्हणून कुटुंबे हॉटेलच्या दुकानांत जाऊन गोळ्या, कुकी, चॉकलेट लावलेल्या चुरमुऱ्याच्या वड्या घेऊन पिशव्या भरतात. ज्या मुलाला पाच दिवस ‘जेवण संपव’ म्हणून सांगितले, त्यालाच सहाव्या दिवशी ‘काय गोड हवे ते घे, संपवायचे आहे’ असे सांगितले जाते. दोन्ही सांगण्यांत त्याला भूक आहे की नाही हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

खाण्याच्या मांडणीत मुले कशी वळतात हे या कंपनीला कळत नाही असे म्हणता येणार नाही. उलट ते तिने इतरांहून चांगले दाखवून दिले आहे, आणि त्याचे श्रेय तिला मनापासून दिले पाहिजे. ऑक्टोबर २००६ मध्ये डिस्नेने मुलांच्या जेवणाचे नियम बदलले. तोवर मुलांच्या जेवणाबरोबर फ्रेंच फ्राइज आणि शीतपेय आपसूक येत होते. नव्या नियमात आपसूक येऊ लागली फळे-भाज्या आणि दूध, रस किंवा पाणी. फ्राइज हवे तर मागायचे, बंदी नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचे जॉन पीटर्स आणि सहकाऱ्यांनी डिस्ने वर्ल्डमधल्या १४५ रेस्टॉरंटांची विक्री तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. आपसूक येणारी आरोग्यदायी जोड ४८ टक्के वेळा, आणि तसे पेय ६६ टक्के वेळा लोकांनी तसेच ठेवले. मुलांच्या जेवणातल्या त्या जोडपदार्थ-पेयांमधले उष्मांक २१.४ टक्क्यांनी, स्निग्धांश ४३.९ टक्क्यांनी आणि सोडियम ४३.४ टक्क्यांनी कमी झाले. कोणाला उपदेश केला नाही, कोणाची निवड काढून घेतली नाही. फक्त काही न बोलता काय मिळते एवढे बदलले. ताटात काय यावे याबाबत जे शहाणपण कंपनीने वीस वर्षांपूर्वी दाखवले, ते ताटावरून कधी उठता यावे याबाबत तिने अजून दाखवलेले नाही. काही न बोलता आज मुलाला मिळते ते संपवायचे जेवण. काही न बोलता त्याला थांबायची मुभा मिळावी.

या म्हणण्यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप आईवडिलांच्या मनःशांतीचा आहे. प्रत्येक पाटीवर डॉलर वाचायचा, त्याला रुपयाने गुणायचे आणि मुलाला ‘नको, फार महाग आहे’ म्हणायचे, यात सहलीचा जीव जातो. आधी भरून टाकले की तो ताप संपतो. ड्रॅझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ साली हेच मांडले: पैसे देण्याची टोचणी आणि वस्तू उपभोगण्याचा आनंद यांना वेळेने लांब केले की आनंद निर्भेळ होतो. आयुष्यभर काटकसर करून एकदाच एवढ्या लांब गेलेल्या कुटुंबाला हा निर्भेळपणा हवासा वाटला तर त्यात गैर काहीच नाही. सहलीच्या किमतीत तिन्ही वेळचे जेवण धरलेले असणे हे मराठी मध्यमवर्गाच्या परदेश पर्यटनातले मोठे आश्वासन आहे, आणि त्याच्या मुळाशी हीच निश्चिंती आहे. पण निश्चिंती आगाऊ पैसे बाजूला काढल्याने मिळते; ते मध्यरात्री संपतात यामुळे मिळत नाही. डिस्नेचेच गिफ्ट कार्ड घेऊन त्यावर जेवणाची ठरवलेली रक्कम टाकली तर तीच शांतता मिळते. पाटीवरचा आकडा तिथेही टोचत नाही, कारण पैसे घरूनच निघून गेलेले आहेत. फरक इतकाच की मुलाने चार द्राक्षे खाल्ली तर त्याला पुढच्या वेळी पूर्ण जेवणाऐवजी नुसते दूध घेता येते, आणि उरलेले डॉलर कार्डावर राहतात.

दुसरा आक्षेप असा की मुलांची योजना स्वस्त आहे, मग तिचा काच कशाला? हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मिकी जिथे भेटायला येतो त्या शेफ मिकीज या रेस्टॉरंटात एका मुलाच्या रात्रीच्या जेवणाचा दर चाळीस डॉलरच्या आसपास जातो; तिथे मोठ्या योजनेचे एकच क्रेडिट लागते. म्हणजे २०२४ च्या २९.६९ डॉलरच्या दरात त्या एका जेवणानेच मुलाचे पैसे फिटत होते. २०२६ साठी तर मोठ्यांनी योजना घेतली तर तीन ते नऊ वर्षांच्या मुलांची योजना फुकट, असे कंपनीने जाहीर केले. पण मुलाचा दर कमी आणि सर्वांनी एकच योजना घ्यायची सक्ती, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. मुलाच्या स्वस्ताईसाठी आईवडील स्वतःच्या कितीतरी महाग योजनेत शिरतात, आणि मग हिशेब कुटुंबाचा होतो. मोठ्यांची रक्कम भरून निघायची ती मुलांच्या महागड्या जेवणांतूनच. म्हणून जिथे मुलाचे जेवण सर्वांत महाग, तिथे जास्तीत जास्त क्रेडिट खर्चायची, असा बेत घरूनच आखला जातो. सहा वर्षांच्या मुलाने पाच दिवसांत चार वेळा भरगच्च बुफेसमोर बसावे हे त्याच्या भुकेतून आलेले नसते. फुकट असले तरी मुलाच्या ताटाला मोठ्यांच्या पैशाचे ओझे लागून राहते.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. ताटात टाकू नये, अन्न हे पूर्णब्रह्म, हे संस्कार आपण मुलांना देतो. परदेशात गेले म्हणून ते सोडायचे का? मुळीच सोडू नयेत. पण अन्न वाया जाते ते कोणत्या क्षणी, हे नीट पाहावे. भूक नसताना ट्रे घेतला त्या क्षणी ते वाया गेले. मुलाच्या पोटात कोंबल्याने ते वाचत नाही. पंगतीत आग्रह होतो तसा ‘नको’ म्हणण्याचा हक्कही असतो, आणि थोडे थोडे घ्या, लागले तर परत वाढू, ही आपली जुनी रीत याच संस्काराचा दुसरा अर्धा भाग आहे. ती रीत चालते कारण वाढपी परत येतो. क्रेडिटच्या व्यवहारात वाढपी परत येत नाही. एकदाच, पूर्ण, आताच्या आता घ्यावे लागते. मागणी भुकेनुसार लहान करता येत नाही म्हणून अन्न उरते, आणि उरलेल्याचा ठपका मुलावर येतो. दडपण आणून खायला लावण्याचा परिणाम उलटा होतो हेही तपासलेले आहे. २००६ साली अ‍ॅमी गॅलोवे, बर्च आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांना सूप दिले. ‘सूप संपव’ असे ज्या वेळी सांगितले गेले त्या वेळी मुलांनी कमी सूप घेतले आणि सुपाबद्दल कुरकुर जास्त केली. न सांगता ठेवले तेव्हा जास्त घेतले.

पाच दिवसांनी काय बिघडते, असेही विचारले जाईल. पाच दिवसांत मुलाची तब्येत बिघडते असा माझा दावा नाही, आणि वर दिलेल्या अभ्यासांतून तसे सिद्धही होत नाही. पण ज्या पाच दिवसांसाठी कुटुंबाने वर्षानुवर्षे पैसे साठवले, त्यांतला रोजचा तास-दीड तास ‘खा’ आणि ‘नको’ यांत जावा, हे नुकसान लहान नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी घरच्या जेवणासाठी एक वाटणी सुचवली, ती बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यांत आज सर्रास आढळते: काय, कधी आणि कुठे वाढायचे हे आईवडिलांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आगाऊ योजनेत ही वाटणी नेमकी मोडते. काय, कधी आणि कुठे हे कंपनीचा मेन्यू आणि आरक्षण ठरवते. मुलांना मुलांचाच मेन्यू असेल तिथे त्यातूनच घ्यावे लागते. आईवडिलांच्या हाती उरते ते फक्त ‘किती’. जे मुलाचे होते तेच.

शेवटचा आक्षेप कंपनीच्या बाजूचा: न वापरलेल्याचे पैसे परत दिले तर अशी योजना परवडणार कशी? आगाऊ पैसे घेणाऱ्या धंद्याचे गणित बऱ्याच अंशी न वापरण्यावर बसलेले असते, हे उघड आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या नोंदी तपासल्या. महिन्याला ७० डॉलरहून अधिक भरणारे सदस्य सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका वेळेला १७ डॉलरहून जास्त पडत होते, आणि दहा वेळांचा पास घेतला असता तर १० डॉलर पडले असते. मोठ्यांच्या योजनेत कंपनीने असा नफा मिळवावा. ती दोन जाणत्या पक्षांतली देवघेव आहे. माझी मागणी फक्त तीन ते नऊ या वयापुरती आहे. एका मुलाचे काउंटरचे जेवण आणि स्नॅक न वापरता राहिले तर त्याची ठरावीक रक्कम हॉटेल सोडताना परत मिळावी, किंवा गिफ्ट कार्डावर जमा व्हावी. मुलांची अख्खी योजना फुकट देण्याची तयारी असलेल्या कंपनीला मुलाच्या चुकलेल्या जेवणाचे दहा-बारा डॉलर परत देणे परवडत नाही, हे पटण्यासारखे नाही. आणि मुलांसाठी योजना घ्यायची की नाही हे मोठ्यांच्या योजनेपासून वेगळे ठरवता यावे. या दोन ओळी दरपत्रकात आल्या तर आईला ट्रेसमोर ‘राहू दे’ म्हणता येईल.

आपल्या इथे ही चर्चा परकी नाही. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहात बाहेरचे खाणे आणू द्यायचे की नाही हे मालकाने ठरवावे असा निकाल दिला, पण त्याच वेळी पिण्याचे पाणी मोफत मिळावे आणि तान्ह्या मुलांसाठी पालकांनी आणलेले खाणे अडवू नये, हेही नोंदवले. व्यवसायाचा हक्क मान्य करूनही मुलाची भूक त्यातून वेगळी काढता येते, हे तिथे दिसले. ती सूट तान्ह्यांपुरती आहे. सहा वर्षांच्या मुलाची भूक कमी लहरी नसते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या मनोरंजन पार्कांच्या दारात मात्र अजून पिशव्या तपासून खाण्याचे डबे बाजूला काढले जातात, आणि तिकिटाबरोबर जेवणाचे कूपन घेण्याची पद्धत आपल्याकडेही रुळते आहे. ते कूपन न वापरता घरी आले तर त्याचे काय, हा प्रश्न तिकीट खिडकीवर आताच विचारायला हवा.

एका बाबतीत डिस्नेचे पार्क आपल्या पार्कांपेक्षा उदार आहेत आणि ऑरलँडोला निघालेल्या घरांनी ते लक्षात ठेवावे. तिथे बाहेरचे खाणे आत नेता येते. काचेची बरणी, दारू, सुटा बर्फ आणि गरम करावे लागेल असे अन्न तेवढे चालत नाही. काउंटरवर शीतपेयाचे यंत्र असेल तिथे पेलाभर थंड पाणीही फुकट मिळते, त्याला क्रेडिट लागत नाही. पोळीचा तूप-साखर लावलेला रोल, दशमी, मेथीचा थेपला, दाण्याचा लाडू यांना गरम करावे लागत नाही. साडेतीन वाजता, मिरवणूक येण्याआधी फुटपाथच्या कडेला बसलेल्या मुलाने त्यातला अर्धा लाडू खाल्ला आणि उरलेला डब्यात परत ठेवला, तर रात्री दोन वाजता खोलीत त्याला भूक लागेल तेव्हा तो तिथेच असेल.